‘अ रिंकल इन टाइम’मध्ये मेग नेमकी कशामुळे जिंकते?

शनिवारवाचन (सदाशिव पेठ)

नमस्कार. आमच्या इमारतीतल्या आठ-दहा मुलांना मी दर शनिवारी संध्याकाळी पुस्तक वाचून दाखवते. मुले नऊ ते तेरा वर्षांची आहेत, काही मराठी माध्यमातली आणि काही इंग्रजी माध्यमातली, त्यामुळे इंग्रजी पुस्तक हातात धरून मराठीत सांगत जायचे अशी आमची रीत पडली आहे. गेले दोन महिने आम्ही मॅडेलिन लेंगल यांची ‘अ रिंकल इन टाइम’ ही कादंबरी वाचत होतो. ती १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि १९६३ मध्ये तिला बालसाहित्यासाठीचे न्यूबेरी पदक मिळाले. त्याआधी वीसहून अधिक प्रकाशकांनी ती नाकारली होती, हे ऐकून मुलांना फार आश्चर्य वाटले.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते. मेग मरी ही चष्मा लावणारी, चटकन चिडणारी, शाळेत कोणाशी न जमणारी मुलगी आहे. तिचे शास्त्रज्ञ वडील बेपत्ता आहेत. त्यांना शोधण्यासाठी ती, तिचा पाच वर्षांचा विलक्षण बुद्धिमान भाऊ चार्ल्स वॉलेस आणि त्यांचा मित्र कॅल्व्हिन तीन अद्भुत स्त्रियांच्या मदतीने कॅमाझॉट्झ नावाच्या ग्रहावर जातात. तिथली घरे एकसारखी आहेत आणि प्रत्येक घरासमोर मुले एकाच ठेक्यात चेंडू आपटत असतात. या ग्रहावर ‘इट’ची सत्ता आहे. ‘इट’ म्हणजे देहाविना जिवंत असलेला एक प्रचंड मेंदू. चार्ल्स वॉलेस त्याच्या ताब्यात जातो. वडील सापडतात, पण मेग आणि कॅल्व्हिनला घेऊन निसटताना त्यांना धाकट्याला मागे ठेवावे लागते. शेवटच्या प्रकरणात मेग एकटी परत जाते आणि भावावरच्या प्रेमाच्या बळावर त्याला सोडवून आणते.

हे प्रकरण वाचून संपले तेव्हा अकरा वर्षांच्या एका मुलाने विचारले, “नुसते ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ म्हटले आणि जिंकली? मग पहिल्या वेळीच का नाही म्हटले?” मी काहीतरी उत्तर दिले, परंतु त्याचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. अर्धेअधिक पुस्तक आपल्याला सांगत असते की स्वतःचे वेगळेपण, अगदी स्वतःचे दोषसुद्धा, सोडू नकोस. त्या तीन स्त्रियांपैकी मिसेस व्हॉट्सिट मेगला पहिल्या खेपेला भेट म्हणून तिचे दोषच देते. आणि शेवटी विजय मिळतो तो मात्र प्रेमामुळे. या दोन शिकवणी लेखिकेने शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, की मुळात ही गोष्ट एकच आहे? आणि ती अकरा वर्षांच्या मुलाला कशी समजवावी?

आणखी एक अडचण आहे. ते शेवटचे वाक्य मराठीत वाचताना मी अडखळले. आपल्याकडे कोणती बहीण पाच वर्षांच्या भावाला “माझे तुझ्यावर प्रेम आहे” असे म्हणते?

नदीपलीकडे (कोथरूड)

ताई, त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला शेवटच्या प्रकरणापेक्षा त्याच्या आधीच्या चर्चेत सापडते, आणि वाचनात ते पान बहुधा घाईने मागे पडते. परत कोणी जायचे हे ठरत असते. तिघी स्त्रिया मेगहून कितीतरी समर्थ आहेत, पण हे काम त्यांच्याच्याने होण्यासारखे नाही. वडील जायला तयार आहेत. मात्र ते घर सोडून गेले तेव्हा चार्ल्स वॉलेस तान्हा होता. आज जो मुलगा ‘इट’च्या ताब्यात आहे त्याला ते ओळखतच नाहीत. कॅल्व्हिनची आणि त्याची ओळख तर काही दिवसांचीच. उरते फक्त मेग. ती शूर आहे किंवा हुशार आहे म्हणून तिची निवड झालेली नाही. स्वयंपाकघरात रात्री दूध तापवून तिची वाट पाहणारा, न सांगता तिच्या मनातले ओळखणारा तो एक मुलगा तिला आतून-बाहेरून ठाऊक आहे, एवढ्यासाठीच तिला जावे लागते.

म्हणून आपण विचारलेल्या दोन गोष्टी मला एकच वाटतात. प्रेम करायला समोर कोणीतरी वेगळे असावे लागते आणि आपणही कोणीतरी असावे लागते. कॅमाझॉट्झवर सगळी मने मिळून एकच मन झाले आहे. तिथे दुसरा कोणी उरलेलाच नाही, मग ‘इट’ने प्रेम करायचे कोणावर? त्या तिघींपैकी मिसेस विच मेगला एवढेच सांगते की ‘इट’कडे नाही असे काहीतरी तुझ्याकडे आहे आणि ते तुझे तुलाच शोधावे लागेल. मेग आधी चुकीच्या जागी शोधते. तिला वाटते, तो आपला राग असेल, कारण पहिल्या खेपेला रागानेच तिला तारले होते. ती ‘इट’चा मनापासून द्वेष करू लागते आणि त्याच क्षणी तिच्या लक्षात येते की द्वेष तर त्याच्याकडे भरपूर आहे, त्या वाटेने आपण त्याच्याकडेच ओढले जात आहोत.

आणि मग जे घडते ते मला या पुस्तकातले सर्वांत सुंदर वळण वाटते. ‘इट’च्या ताब्यातला चार्ल्स वॉलेस तिला म्हणतो की मिसेस व्हॉट्सिट तुझा द्वेष करते. इथे ‘इट’ची चूक होते. त्याला जे ठाऊकच नाही त्याविषयी ते बोलून बसते. मेगच्या तोंडून आपसूक उत्तर येते की नाही, तिचे माझ्यावर प्रेम आहे, आणि बोलता बोलता तिला आपले शस्त्र सापडते. “पहिल्या वेळीच का नाही म्हटले?” याचे उत्तर म्हणूनच असे देता येईल की पहिल्या वेळी ते तिला माहीतच नव्हते. तिच्यावर कोणी प्रेम करते हे तिला आधी मनोमन पटावे लागले. स्वतःला कुरूप आणि मूर्ख समजणाऱ्या मुलीला ते पटायला जवळजवळ सगळे पुस्तक लागले, यात नवल नाही.

टाळकरी (नाना पेठ)

मी गणिताचा निवृत्त शिक्षक आहे, त्यामुळे माझे लक्ष या कादंबरीतल्या ठेक्याकडे जास्त जाते. वाईटाचे रूप म्हणून लेखिकेने राक्षस उभा केलेला नाही, ठेका उभा केला आहे. ‘इट’ची धडधड हळूहळू ऐकणाऱ्याच्या हृदयाची धडधड होऊन जाते आणि त्याचा श्वासही त्याच तालात चालू लागतो. कॅमाझॉट्झवर ‘इट’च्या वतीने बोलणारा लाल डोळ्यांचा माणूस मुलांना वश करण्यासाठी काय म्हणतो, तर पाढे! आयुष्यभर वर्गात ‘बे एके बे’ म्हणून घेतलेल्या माणसाला हे वाचताना बरेच अस्वस्थ व्हायला होते.

मेग त्या मेंदूला तोंड देताना काय काय म्हणून पाहते तेही मुलांना पुन्हा वाचून दाखवावे, असे मी सुचवेन. ती मूलद्रव्यांची सारणी म्हणते, हायड्रोजन, हेलियम अशी. वडील ओरडतात की ते फार ठेक्यात जाते आहे, ५ चे वर्गमूळ सांग. मग ती २.२३६ म्हणते, ७ चे २.६४६ म्हणते. त्यामागचे गणित मुलांना समजेल इतके सोपे आहे. ५ चे किंवा ७ चे वर्गमूळ दशांशात लिहायला घेतले तर अंकांचा कोणताही गट ठरावीक क्रमाने परत परत येत नाही. एक भागिले तीनचे ०.३३३… कायम त्याच पावलावर चालते, पण ५ चे वर्गमूळ कधीही ठेका धरत नाही. एकेका संख्येचे वेगळेपण म्हणजे काय, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही, आणि कथा ऐन रंगात असताना ते आले आहे. (पुढे हीच मुले अपरिमेय संख्या शिकतील तेव्हा त्यांना मेग आठवावी, अशी माझी फार इच्छा आहे.)

पण ठेका म्हणजे वाईट, असे मुलांच्या मनात राहू नये. मी लहानपणापासून नाना पेठेत राहतो. आषाढीच्या आधी तुकाराम महाराजांची पालखी इथल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला येते आणि माउलींची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात. दिंडीतले वारकरी पावली खेळतात तेव्हा शंभर पावले एका वेळी उचलली जातात, टाळ एका वेळी वाजतात. वरवर पाहिले तर कॅमाझॉट्झच्या चेंडूंसारखेच ते दिसते. तरीही ज्याने जवळून पाहिले आहे त्याला फरक लगेच कळतो. एखाद्या म्हाताऱ्याचे पाऊल चुकले तर शेजारचा त्याला हाताला धरून सांभाळून घेतो, एखादे पोर मध्येच नाचू लागले तर रांग त्याच्यासाठी जागा करते. कॅमाझॉट्झवर एका मुलाच्या हातून चेंडू निसटतो, तर त्याची आई घाबरून धावत येऊन त्याला घरात ओढते आणि आमच्याकडची मुले चेंडू कधीच पाडत नाहीत असे सांगते. पुढे तोच मुलगा एका खोलीत चेंडू आपटायला शिकताना दिसतो आणि दर ठोक्याला वेदनेने किंचाळतो. ताल दोन्हीकडे आहे, पण दिंडीतला वारकरी त्या तालात आपण होऊन, आवडीने शिरलेला असतो.

मिसेस व्हॉट्सिटने दिलेले सुनीताचे (सॉनेटचे) उदाहरण याच अंगाने घ्यावे. चौदा ओळींचे कडक बंधन, पण आत काय म्हणायचे ते कवीने ठरवायचे. मराठी मुलांना सुनीत परके वाटेल, त्यांना ओवी सांगावी.

आणि ‘नदीपलीकडे’ यांनी म्हटलेला ‘दुसरा’ आपल्या संतांनीही जपलेला आहे. तुकाराम महाराज मुक्ती नको म्हणतात, पुन्हा जन्माला घाल म्हणतात, कारण देवात विरघळून गेल्यावर त्याच्यावर प्रेम करायला वेगळा भक्त उरत नाही.

साशंक वाचक (औंध)

वरील दोन्ही प्रतिसाद मनापासून आवडले, तरीही मला त्या मुलाची शंका अजून पुरी फिटलेली वाटत नाही आणि तिला इतक्या लवकर उत्तर देऊन टाकू नये असेही वाटते.

पहिली गोष्ट ही की मेग ‘इट’चा पराभव करत नाही. चार्ल्स वॉलेस तिच्या मिठीत येतो, ती दोघे पृथ्वीवर घरच्या भाजीच्या वाफ्यात येऊन पडतात आणि कॅमाझॉट्झ जसे होते तसेच अंधारात राहते. प्रेमाने वाईटावर विजय मिळवला, हे वाक्य आपण सहज म्हणून जातो, पण पुस्तकात प्रेमाने एका मुलाला सोडवले आहे, एवढेच. दुसरी गोष्ट अशी की आपल्या भावावर प्रेम कोण करत नाही? साने गुरुजींची जी प्रार्थना आपण शाळेत म्हणत आलो ती जगाला प्रेम अर्पण करायला सांगते. आपल्या घरच्यांवर प्रेम करून थांबायला ती सांगत नाही. लेखिकेला याची जाणीव आहे, कारण त्या अंतिम क्षणी मेगच्या मनात येऊन जाते की आपण ‘इट’वरच प्रेम करू शकलो तर कदाचित ते टिकाव धरू शकणार नाही. पण तिला ते जमत नाही. ते आपल्या शक्तीपलीकडचे आहे हे ती मान्य करते आणि जे जमते ते करते.

माझ्या मते पुस्तकाचा हा प्रामाणिकपणा आहे. मुलांच्या कितीतरी कथांमध्ये नायिका शेवटच्या पानावर सगळे जग वाचवते. लेंगल यांनी मेगला तिच्या आवाक्यातलेच दिले. मात्र ते मुलांना सांगतानाही तेवढेच सांगावे. माउलींनी पसायदानात खळांचा नाश मागितला नाही, त्यांची व्यंकटी सुटावी असे मागितले. चार्ल्स वॉलेसच्या बाबतीत तसे घडते, ‘इट’च्या बाबतीत घडत नाही.

वेगळेपणाविषयीही एक मुद्दा. छापलेल्या पुस्तकातून गाळलेली काही पाने २०१५ साली लेखिकेच्या नातीमुळे प्रकाशात आली. त्यांत मेगचे वडील तिला समजावतात की कॅमाझॉट्झ केवळ हुकूमशाहीतून तयार होत नाही, सुरक्षिततेची अतोनात ओढ लागलेल्या लोकशाही समाजातही ते तयार होऊ शकते. शीतयुद्धाच्या काळातले पुस्तक म्हणून कॅमाझॉट्झ म्हणजे दुसऱ्यांचा देश, असे वाचण्याची सोय होती, पण ती पाने वाचल्यावर ती सोय राहत नाही. आपण मुलांच्या सुरक्षिततेसाठी, गुणांसाठी, क्लाससाठी जो एकच ठरलेला मार्ग आखतो त्याकडे पालक म्हणून मला तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

शब्दामागे (कर्वेनगर)

शनिवारवाचन ताई, मी भाषांतराचे काम करते, म्हणून फक्त भाषेविषयी लिहिते. ‘प्रेम’ हा शब्द इथे चूक नाही, पण मराठी बहिणीच्या तोंडी तो पुस्तकी वाटतो हे आपले म्हणणे खरे आहे. ‘माया’ जवळचा शब्द आहे, मात्र त्याला भ्रम असाही अर्थ चिकटलेला आहे आणि जिथे सगळा ग्रहच एका भ्रमात आहे तिथे तो नको वाटतो. आपल्याकडे बहीण भावाला जीव लावते. “माझा जीव आहे तुझ्यावर” असे मेगने म्हटले तर ते मराठी कानाला खरे वाटेल आणि पाच वर्षांच्या मुलाला पोहोचेलही. शिवाय समोर एक मेंदू आहे ज्याच्याकडे बाकी सगळे आहे, त्यामुळे ‘जीव’ या शब्दाला तिथे आपोआप वजन येते.

‘इट’साठी ‘ते’ वापरायचा मोह होईल, कारण आपल्याकडे नपुंसकलिंग आहे. पण ‘ते म्हणाले’ म्हटले की आपण आदराने कोणा मोठ्या माणसाविषयी बोलतो आहोत असे वाटते. मी ‘इट’ तसेच ठेवीन आणि क्रियापद कटाक्षाने नपुंसकलिंगी एकवचनी ठेवीन.

सर्वांत जपून ज्या शब्दाकडे पाहावे तो ‘सारखे’. मेग अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातले सर्व माणसे समान असल्याचे वाक्य म्हणते, तेव्हा चार्ल्स वॉलेसच्या तोंडून ‘इट’ म्हणते की इथे तेच तर आहे, सगळे अगदी एकसारखे. त्यावर मेग उसळून सांगते की एकसारखे असणे आणि समान असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत आपण दोन्हींसाठी ‘सारखे’ म्हणतो. आई म्हणते, “मला दोन्ही मुले सारखीच,” आणि तिला समान म्हणायचे असते. दुकानदार म्हणतो, “दोन्ही कापडे सारखीच,” आणि त्याला एकसारखी म्हणायचे असते. वाचताना इथे क्षणभर थांबून ही दोन वाक्ये मुलांपुढे ठेवली, तर पुस्तकाचा अर्धा गाभा त्यांच्या हाती येईल.

जाता जाता आणखी एक. इक्सशेल ग्रहावर जो डोळे नसलेला, प्रेमळ प्राणी मेगची शुश्रूषा करतो त्याला ती ‘आन्ट बीस्ट’ म्हणते. तिथे आत्या किंवा काकू असे काही न म्हणता मावशीच म्हणावे. ‘माय मरो आणि मावशी जगो’ म्हणणाऱ्या भाषेला दुसरा शब्द शोधायची गरज नाही.

शनिवारवाचन (सदाशिव पेठ)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल आम्ही शेवटची दोन प्रकरणे पुन्हा वाचली. परत कोणी जायचे हे ठरते ते पान मी सावकाश वाचले आणि प्रत्येक जण का जाऊ शकत नाही हे मुलांनाच सांगायला लावले. वर्गमुळे एका मुलीने फळ्यावर लिहिली आणि अंक परत येतात का हे शोधत तिघे बराच वेळ बसले होते. शेवटी “माझा जीव आहे तुझ्यावर, चार्ल्स” असे वाचले तेव्हा कोणी हसले नाही. मागच्या वेळी दोघे-तिघे हसले होते.

मूळ प्रश्न विचारणारा मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने पुस्तक मागून घेतले, मागे जाऊन चेंडू पाडणाऱ्या मुलाचे पान काढले आणि म्हणाला, “मेग तिच्या भावाला ओळखत होती म्हणून ती आली. याला कोण ओळखते?” मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात त्याच्या शेजारची नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, “त्याची आई आहे ना तिथे. ती धावत आली होती.”

त्यावर मुलांचा वाद सुरू झाला. काहींचे म्हणणे असे की ती स्वतःच इतकी घाबरलेली आहे की तिच्याच्याने काही होणार नाही. काहींचे म्हणणे असे की चेंडू पडलेला पाहून धावत सुटली तेव्हा ती ठेक्यात नव्हती. साडेसात वाजून गेले तरी कोणी उठेना, तेव्हा पुढच्या शनिवारी नवे पुस्तक सुरू करायच्या आधी त्या आईचे पान पुन्हा वाचायचे असे ठरले आहे.